उचललेली गादी

फार पूर्वी, नकाशे काढण्याची विद्या लोकांना ठाऊक नव्हती तेव्हा, एका खाडीच्या मुखाशी एक बंदर होते, आणि त्या बंदराच्या पेठेत एका अरुंद दुकानात दोन मित्र दोन गाद्यांवर बसत. एकाचे नाव नरसू, दुसऱ्याचे भानजी. दोघांचे मिळून भांडवल म्हणजे आमसुलांची काही पोती, एक तराजू आणि एकमेकांची थट्टा करण्याची न संपणारी हौस.

त्या पेठेची एक रीत होती. भागीदारीचा करार तेथे कोणी लिहीत नसे. ज्यांची भागी, त्यांच्या गाद्या शेजारी शेजारी मांडायच्या, एवढाच करार. भागीदार परमुलखात गेला तरी त्याची गादी मांडलेली राही. रोज सकाळी ती झटकायची, पाडव्याला तिच्यावर नवी खोळ चढवायची, आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाला बसू द्यायचे नाही. गादी उचलली जाई ती भागीदार वारल्याची खात्रीची बातमी आली तरच, किंवा पंचांसमोर भागी मोडली गेली तर. आणि ज्याची गादी उचलली गेली, त्याने पुन्हा त्या दुकानाची पायरी चढून “माझी जागा कुठे?” असे विचारायचे नाही, हा संकेत सर्वांत कडक होता. अशा विचारण्याला पेठेत भीक मागण्याहून हलके समजत. वरवर पाहता ही रीत निष्ठुर वाटते. पण तिच्या मुळाशी एक समज होती: माणसाची जागा मागून मिळत नाही, दुसऱ्याने ती राखली तरच ती असते.

समुद्रापलीकडे एक लवंगांचे बेट आहे आणि तेथील लोकांनी आमसूल कधी पाहिलेले नाही, अशी वार्ता एका हंगामात खलाशांनी आणली.

“कोणीतरी तिकडे गेलं पाहिजे,” नरसू म्हणाला.

“कोणीतरी म्हणजे मी,” भानजी म्हणाला. “तुला होडीत बसवलं की खाडी ओलांडायच्या आत सकाळचं जेवण बाहेर. बेटावरची माणसं म्हणतील, हा माल विकायला आलाय की मरायला?”

“मी चिठ्ठ्या टाकू म्हणत होतो.”

“चिठ्ठ्या कशाला? तुझं लग्न ठरलंय. माझ्याशी कोण लग्न करतंय, या नाकानं?” भानजी लहानपणी माडावरून पडला होता. तेव्हापासून त्याचे नाक डावीकडे कलले होते, आणि त्यावरचा पहिला विनोद नेहमी तो स्वतःच करी.

धक्क्यावर निरोप देताना नरसू एवढेच म्हणाला, “परत येशील ना रे?”

“गादी आहे की माझी तिथं,” भानजी म्हणाला. “ती टाकून जातोय कुठं?”

मग वर्षे गेली. आमसूल बेटावर जाई, लवंग आणि जायपत्री परत येई. खलाशांच्या तोंडी भानजीचे निरोप येत: “नरशाला म्हणावं, आमची गिऱ्हाइकं पहिल्यांदा आमसूल चाखतात तेव्हा डोळे मिटतात, मग हसतात, मग अजून मागतात. तुझं लग्न झाल्यावर तुझंही असंच झालं असेल.” अरुंद दुकानाच्या शेजारची भिंत पडली, दुकान रुंद झाले, मागे वखार झाली, वखारीमागे दुसरी वखार. नरसूचा नरसूशेट झाला. भानजीची गादी मात्र होती तेथेच होती, आणि तिची खोळ दर पाडव्याला नवी होती.

पुढे बेटांच्या राजांत लढाया पेटल्या. चाच्यांनी तो मार्ग धरला, गलबते जाईनाशी झाली. निरोप थांबले. नरसूशेटाचा धंदा तोवर इतका पसरला होता की एक वाट बंद झाल्याने त्याचे काही अडले नाही. अडले ते दुसरेच. भाव ठरवताना तो अजूनही शेजारच्या रिकाम्या गादीकडे वळून पाही आणि पुटपुटे, “काय रे, द्यायचा का एवढ्याला?” गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली होती. रोज संध्याकाळी तो धक्क्यावर जाई, दक्षिणेकडून आलेल्या प्रत्येक गलबतातून उतरणाऱ्या माणसांची नाके पाही, आणि परत येई. घरी त्याची बायको न विचारता पान वाढी. तो धक्क्यावरून आला की तिला उत्तर त्याच्या चालण्यातच कळे.

याच सुमारास त्या राज्यात नव्या ग्रंथांची लाट आली. व्यापार कसा वाढवावा, माणसांचे नेतृत्व कसे करावे, संपत्ती कशी उभी करावी, असे ग्रंथ राजधानीत लिहिले जाऊ लागले आणि बैलगाड्यांतून, गलबतांतून गावोगाव पोचू लागले. त्यांची बांधणी ठरलेली असे. आरंभी एक गरीब मुलगा. मग त्याचा एक निश्चय. मग सगळे जग त्याला हसते. मग तो श्रीमंत होतो आणि हसणारे रांगेत उभे राहतात. जुन्या कहाण्यांत अशा मुलाला वाटेत मदत करणारे कोणीतरी हमखास भेटे, कधी मुंगी, कधी म्हातारी, कधी नदी. नव्या ग्रंथांतून हे मदत करणारे तेवढे गळाले होते. बाकी कहाणी तीच होती. लोक मात्र ते ग्रंथ तहानल्यासारखे वाचत. पेठेत असा एक काळ आला की हमालही पोत्यावर बसून ‘नेत्याची लक्षणे’ वाचत असे आणि पोते उचलायला कोणी नसे.

एके दिवशी राजधानीहून एक लेखनिक नरसूशेटाच्या दुकानी आला. बोलणे गोड, बाह्या शाईने भरलेल्या.

“शेट, आपला ग्रंथ व्हायला हवा.”

“माझा? मला तर चार ओळींचा निरोप सांगता येत नाही.”

“आपण बोला. लिहायचं माझ्याकडे लागलं. आणि आपला ग्रंथ इथंच नाही राहायचा. प्रत्येक बंदराच्या भाषेत उतरवून घेऊ. जिथे जिथे गलबत जातं, तिथे तिथे आपलं नाव जाईल.”

शेवटचे वाक्य ऐकून नरसूशेट ताठ बसला. जिथे गलबत जाते तिथे! म्हणजे ज्या बंदरात भानजी अडकला असेल, तेथेही. आपली माणसे पाठवून, खलाशांना विनवून जे झाले नाही, ते एका ग्रंथाने होईल. भानजी कोठेतरी ते नाव ऐकेल, आणि नरशा अजून आहे, पेठ अजून आहे, असे त्याला कळेल. कीर्तीची हाव त्याला नव्हती असे म्हणता येणार नाही. पण त्या क्षणी त्याच्या मनात कीर्ती नव्हती. एक हाक होती, आणि ती पोचवणारा वारा आज दारात आला होता.

“लिहा,” तो म्हणाला. “आम्ही दोघं…”

लेखनिकाचा बोरू थांबला. “दोघं?”

“मी आणि भानजी. ही बघा त्याची गादी.”

“शेट, राग मानू नका. या धंद्यात माझे केस पिकलेत.” लेखनिकाने बोरू खाली ठेवला. “वाचक ग्रंथ उघडतो तो स्वतःला त्यात बघायला. तो बिचारा एकटा असतो. दोघांच्या गोष्टीत त्यानं बसायचं कुठं? दोन नायकांचे ग्रंथ मी लिहून पाहिलेत. ते गावची वेस ओलांडत नाहीत.”

“वेस ओलांडत नाहीत?”

“समुद्राचं तर नावच काढू नका.”

नरसूशेट हळूच म्हणाला, “मग भानजीचं काय करायचं?”

“मनात ठेवा की. मनात जागा पुष्कळ असते.” लेखनिकाने शेजारच्या गादीकडे पाहिले. “आणि ग्रंथ गाजला की वाचक हे दुकान बघायला येतील. ग्रंथात एक माणूस आणि दुकानात दोन गाद्या, हे बरं दिसायचं नाही. काही दिवस ती पोटमाळ्यावर ठेवली तर? गर्दी ओसरली की पुन्हा मांडा.”

त्या दिवशी नरसूशेट धक्क्यावर गेला नाही. घरी झोपाळ्यावर बसून त्याने बायकोला सगळे सांगितले. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

“म्हणजे भाऊजींना बोलवायला भाऊजींनाच खोडायचं,” ती म्हणाली.

“खोडायचं कुठं? फक्त लिहायचं नाही.”

“आणि गादी?”

“काही दिवस पोटमाळ्यावर. तो आला की त्या क्षणी खाली आणीन.”

“आले की त्यांना बसवणार कुठं? तुम्ही गादी आणेपर्यंत उभे राहतील का ते दारात?” तिने सूप झटकले. “बरं, मी आहे का तुमच्या ग्रंथात?”

“एके ठिकाणी येशील. ‘गृहिणीची साथ लाभली.’”

“नाव?”

नरसूशेट झोपाळ्याच्या कडीकडे पाहू लागला.

“असू दे,” ती म्हणाली. “भाऊजींना तेवढीच सोबत झाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच गादी उचलली. कोणाला सांगितले नाही, पंचांना विचारले नाही. उचलताना त्याने तिची खोळ नीट केली, ती घडी घालून पोटमाळ्यावर कोरड्या जागी ठेवली, आणि हे उचलणे नव्हे, हे सांभाळणे आहे, अशी स्वतःची समजूत घातली. रीत मोडणारा माणूस क्वचितच ती मोडतो आहे असे समजून मोडतो. त्या रीतीचेच दुसरे नाव घेऊन तो तिच्याविरुद्ध वागतो.

‘एकहाती वैभव’ हा ग्रंथ राजधानीत प्रसिद्ध झाला आणि लेखनिकाचा शब्द खरा ठरला. त्याच्या प्रती बंदरोबंदरी गेल्या. पेठेत वाचकांची रांग लागली. भानजीची गादी जेथे होती, तेथे आता ग्रंथांची चळत रचलेली असे.

“शेट, आपण पहाटे केव्हा उठता?” एकाने विचारले.

“जाग येते तेव्हा.”

त्याने लगेच लिहून घेतले: अंतःप्रेरणेने उठतात.

“आणि मोठा निर्णय घेताना आपण काय करता?”

नरसूशेटाने सवयीने शेजारी वळून पाहिले. तेथे ग्रंथ होते. “काही नाही,” तो म्हणाला. “घेतो.”

संध्याकाळी तो पुन्हा धक्क्यावर जाऊ लागला. आता त्याच्या मनात आशा अधिक होती, कारण ग्रंथ एव्हाना सगळ्या बंदरांत पोचला होता. मात्र त्याला धक्क्यावर पाहून लोक जमत, प्रश्न विचारत, आणि त्या गर्दीत गलबतातून कोण उतरले ते त्याला नीट दिसत नसे.

पावसाळा सरून गलबते पुन्हा सुटू लागली तेव्हा शेजारच्या गावच्या चावडीवर ग्रंथाच्या जाहीर वाचनाचे बोलावणे आले. नरसूशेट सकाळीच मेण्यातून गेला. दुकानात नवा दिवाणजी होता. ग्रंथ गाजल्यावर ठेवलेला, हुशार आणि आदबशीर. दुपारी उन्हातून एक म्हातारा पेठेत आला आणि दुकानाच्या पायरीखाली थांबला. डोक्याला मुंडासे, खांद्यावर परदेशी कापडाची गाठोडी, आणि नाक डावीकडे कललेले.

“या, या, आजोबा,” दिवाणजी म्हणाला. “ग्रंथ हवा का? वर या, सावलीत बसा.”

म्हातारा हसला, पण त्याची नजर दिवाणजीवर नव्हती. ती शेटाच्या गादीवर गेली, तिच्या शेजारी सरकली, आणि ग्रंथांच्या चळतीवर थांबली. पहिल्या पायरीवर ठेवायला उचललेला पाय त्याने सावकाश पुन्हा रस्त्यावर ठेवला.

“शेट बरे आहेत ना?” त्याने विचारले.

“उत्तम. आज बाहेरगावी गेलेत, संध्याकाळी येतील. आपण लांबून आलात?”

“फार लांबून. तिकडे एका बंदरात एक जण नरसूशेटांचा ग्रंथ वाचून दाखवत होता, तिकडच्या भाषेत. मला ती भाषा अर्धीमुर्धी येते. नाव तेवढं ओळखू आलं, आणि पहिलं गलबत मिळालं त्यात बसलो. म्हटलं, बाकीचं घरी जाऊन, आपल्या भाषेत ऐकावं.”

“मग ऐकाच!” दिवाणजीला हे काम आवडत असे. त्याने वरची प्रत उचलली आणि स्वच्छ आवाजात वाचू लागला. गरीब मुलगा आला, निश्चय आला. पहिल्याच हंगामात आमसुलांची पोती भिजली तो प्रसंग आला.

“इथे शेट एकटे रडले असं आहे?” म्हाताऱ्याने मध्येच विचारले.

“रडले असं नाही. ‘त्यांनी अपयशाकडे शांतपणे पाहिले.’”

“अस्सं. आणि बेट?”

दिवाणजीने पाने उलटली. “हे बघा. ‘दूरदृष्टीच्या नरसूशेटांनी समुद्रापलीकडच्या बेटाशी व्यापार जोडला.’ बस, एवढंच.”

“तिकडे कोण गेलं होतं, ते?”

“ते नाही दिलेलं. कोणी नोकर गेला असेल.”

उन्हाने म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, किंवा दिवाणजीला तसे वाटले.

“फार छान लिहिलंय,” तो म्हणाला. “वाचणारा तू, ऐकणारा मी, पण मलाच वाटायला लागलं की मी तिकडे कधी गेलोच नव्हतो.”

दिवाणजी हे दाद दिल्यासारखे समजून हसला. “थांबा ना. शेटांना आपल्यासारखे वाचक भेटले की आनंद होतो.”

“नको. ओहोटी लागली की गलबत सुटायचं.”

“कोण आलं होतं म्हणून सांगू?”

“वाचक,” म्हातारा म्हणाला, आणि आल्या वाटेने निघून गेला. त्या पेठेत वाढलेला माणूस होता तो. उचललेल्या गादीविषयी त्याने एक अक्षरही विचारले नाही.

ऊन कलल्यावर नरसूशेट परतला. गळ्यात हार होता. दिवाणजीने दिवसभराच्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी हसत म्हणाला, “आणि एक गमतीदार म्हातारा आला होता. ग्रंथ ऐकून म्हणतो, मी तिकडे गेलोच नव्हतो असं वाटलं.”

नरसूशेटाचा हात हारावर थांबला. “नाक कसं होतं त्याचं?”

“नाक? वाकडं होतं थोडं. डावीकडे.”

“वर आला होता? बसला?”

“नाही. किती म्हटलं तरी पायरी चढला नाही. नुसता ग्रंथांच्या चळतीकडे बघत होता.”

लोकांनी त्या दिवशी नरसूशेटाला पेठेतून अनवाणी पळताना पाहिले. गळ्यातला हार तुटून त्याची फुले वाटेवर पडत गेली. धक्क्यावर पोचला तेव्हा गलबत खाडीचे मुख ओलांडून गेले होते आणि त्याचे शीड कोंबडीच्या पिसाएवढे दिसत होते.

“भानज्या!” तो ओरडला. “अरे भानज्या, गादी आहे रे! वर आहे, पोटमाळ्यावर आहे!”

वारा जमिनीकडे वाहत होता. हाक त्याच्याच तोंडावर परत आली. धक्क्यावरच्या लोकांनी त्याला ओळखले, आणि एक तरुण ग्रंथ उघडून पुढे आला. “शेट, आपण भेटलात हे भाग्य! एक ओळ लिहून द्या ना, आपल्या हातची.”

त्याने दुकानी परत येऊन गादी खाली आणली. मागोमाग आलेल्या बायकोने तिच्यावरची धूळ झटकली. ती त्याला काही बोलली नाही, आणि एरवी तिच्या बोलण्याला कंटाळणारा नरसूशेट त्या दिवशी तिच्या एका टोमण्यासाठी तळमळत राहिला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पेठेच्या चौकात कट्ट्यावर उभा राहिला. वाचक होते, व्यापारी होते, आणि नव्या आवृत्तीच्या कामासाठी आलेला लेखनिकही होता.

“ऐका,” नरसूशेट म्हणाला. “त्या ग्रंथात आहे ते खोटं आहे. मी एकटा नव्हतो. आम्ही दोघं होतो. समुद्रापलीकडे तो गेला, धोका त्यानं पत्करला, मी इथं सावलीत बसलो. मी त्याचं नाव गाळलं आणि त्याची गादी उचलली.”

कोणीतरी टाळी वाजवली, आणि पाहता पाहता सगळा चौक टाळ्यांनी भरून गेला.

“केवढा मोठेपणा!” एक व्यापारी शेजाऱ्याला म्हणाला. “सगळं स्वतः केलं, आणि श्रेय बघा कसं दुसऱ्याला देतायत.”

लेखनिकाचे डोळे चमकत होते. “शेट, अप्रतिम! ‘नेत्याची विनम्रता’. नव्या आवृत्तीत हे प्रकरण शेवटी घालू.”

“अहो, मी खरं बोलतोय!”

“म्हणून तर काळजाला भिडतं!”

“मला विनम्र नका लिहू. भानजी लिहा. पहिल्या पानावर.”

लेखनिकाचा चेहरा जरा उतरला. “नव्या प्रतींत वाटेल ते करू. पण जुन्या प्रती समुद्रापार गेल्या, शेट. हाती लागलेला ग्रंथ कोण परत देतो? आणि ज्यानं तुमच्यावर विश्वास ठेवून धंदा सुरू केला, त्याला तुम्ही आता काय सांगणार?”

तेव्हा ज्या माणसाला खाडी ओलांडवत नव्हती, त्याने समुद्रावर जायचे ठरवले. वखारी त्याने दिवाणजीच्या हवाली केल्या. बायकोने आमसुलांची एक पिशवी बांधून दिली आणि धक्क्यावर त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, “गलबत हललं की खाली बघायचं नाही. लांब बघायचं. भाऊजी तुम्हाला हेच सांगायचे, तुम्ही कधी ऐकलं नाहीत.”

काही सांगणारे पुढे असे सांगतात की पहिल्याच बंदरात भानजी भेटला, दोघांनी गळामिठी घातली आणि एकाच गलबतातून दोघे परत आले. ऐकणारी मुले फार रडवेली झाली की कथा असे वळण घेत असावी. मूळच्या सांगण्यात हे नाही.

मूळ सांगण्यात नरसूशेट बंदरामागून बंदर हिंडतो. जेथे उतरावे तेथे त्याचा ग्रंथ त्याच्या आधी पोचलेला असे. खानावळीत तो असे, जकातीच्या चौकीत असे, गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या उशाशी असे. लिपी निराळी, पण मुखपृष्ठावर एकटा बसलेला माणूस तोच.

“भानजी नावाचा माणूस इथं आलाय का? माझा भागीदार,” तो विचारी.

“आपण कोण?”

“मी नरसूशेट.”

मग लोक एकमेकांकडे पाहत. कोणी ग्रंथ उघडी, कोणी न उघडताच त्यातला उतारा म्हणून दाखवी. “नरसूशेटांना भागीदार नव्हता, आजोबा,” ते समजुतीने सांगत. “आम्ही वाचलंय.” काही जण त्याला ठकसेन समजून हाकलून देत, काही जण दया येऊन जेवायला घालत. ज्यांच्या अंगणात तो उभा असे, तेच लोक त्याच्या कर्तृत्वाच्या गोष्टी त्याला सांगत. एका शहरात तर मुले त्या ग्रंथातले एक प्रकरण पाठ म्हणत होती, आणि अडली तेव्हा त्यानेच त्यांना पुढचे वाक्य सांगितले.

लढाया शमून मार्ग मोकळा झाला होता, तेव्हा फिरत फिरत तो लवंगांच्या बेटावर आला. लढायांत तेथील जुनी वस्ती उठून गेली होती आणि किनाऱ्यावर नवी माणसे राहत होती. बाजारात एक म्हातारी लवंगांचे ढीग लावून बसली होती. चुलीवर तिचे कालवण शिजत होते आणि त्याला आमसुलाचा वास येत होता. नरसूशेट वासाबरोबर चालत तिच्यापर्यंत गेला.

“हे आंबट तुमच्याकडे कोणी आणलं, आजी?”

“हे?” म्हातारीने कालवणात डाव फिरवला. “कोणी नरसूशेट म्हणून होता समुद्रापलीकडे. फार हुशार. माझा नातू वाचून दाखवतो ना.”

“इथं राहून कोणी विकत होतं का? वाकड्या नाकाचा, थट्टेखोर. पहिल्यांदा खाणाऱ्याचे डोळे कसे मिटतात, ते बघून हसणारा?”

म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिले. एवढ्या वर्षांत असा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने बाजारावरून नजर फिरवली. मासे विकणारे, दोर वळणारे, झाडाखाली पेंगणारे म्हातारे. मग तिने मान हलवली.

“असेलही बाबा. गलबतांनी येणारे म्हातारे इथं पुष्कळ आहेत, आणि म्हाताऱ्यांची नाकं कुठं सरळ असतात? नाव कोणी विचारत नाही, ते सांगत नाहीत. तुझा माणूस त्या ग्रंथात असता, तर लोकांनी त्याला ओळखला असता. बोट करून दाखवला असता तुला, की तो बघ, तो बसलाय.”

तात्पर्य, जे या कथेचे ऐकणारे आपापल्या घरी घेऊन जातात, ते असे: आपल्या यशाची गोष्ट सांगताना ज्याला आपण वगळतो, त्याला परत बोलावण्याची हाकही आपण त्याच क्षणी गमावलेली असते.